दोऱ्याएवढी भिंत

कात्रप, बदलापूर (पूर्व)
१२ सप्टेंबर १९८९

प्रिय शशिकांत भाऊजी,

प्रभूमध्ये सलाम.

मार्चनंतर हे माझे पहिलेच पत्र. मधल्या काळात तुमची तीन आली. तिन्ही आईंना वाचून दाखवली. उत्तर लिहायला बसले की घरात काहीतरी निघायचे, असे लिहिणार होते. पण ते खरे नाही. या घरात काही निघत नाही. म्हणूनच काय लिहावे ते सुचत नव्हते.

तुमच्या भावाची कंपनी सुरू झाली ती सुरूच आहे, पुन्हा टाळे लागले नाही. आईंच्या उरलेल्या डोळ्याला हात लावायचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणाले. सुवार्ता चौथीत गेली. वर्षभरात तिला साधा ताप आला नाही. अंबरनाथच्या चाळीत पावसाळ्यात आपण खाटा भिंतीपासून ओढून घ्यायचो. इथे भिंती कोरड्या आहेत. मी दुपारी झोपते, भाऊजी. लग्नाला अकरा वर्षे झाली, दुपारी कधी झोपले नव्हते.

२६ नोव्हेंबरला या घरात येऊन वर्ष होईल. त्या दिवशी रविवार आहे. घरी उपकारस्तुती करायची, असे यांनी ठरवले आहे. पाळकसाहेब येतील, अंबरनाथच्या मंडळीतली वीस-पंचवीस माणसे येतील. "वर्षभर विसावा मिळाला. तो नुसता घेऊन गप्प बसायचे, हे बरे नाही," असे हे म्हणाले.

आईंनी एवढेच विचारले, "बोर्ड कोण करणार?" दर वर्षीचे बायबलमधले वचन तुम्हीच पत्र्यावर रंगवून दारापाशी लावत होतात. या घरात अजून काही लावलेले नाही. हे म्हणाले, "कॅम्प तीनच्या बाजारात पेंटर पुष्कळ आहेत." आई म्हणाल्या, "असतील."

मी कॅम्प तीनला जाणार नाही. तुम्ही कराल का? यांना सांगितलेले नाही.

तुमची,
कुमुदिनी


वाडी, ता. राहुरी
२१ सप्टेंबर १९८९

सौ. वहिनींस सलाम.

करतो.

ही वाडी चालवणारे शंकरराव मास्तर पत्रा देतो म्हणाले. कोंबड्यांच्या खुराड्यासाठी आणलेला, त्यातला उरलेला आहे. गंज घासून काढला. इथे आल्यापासून मी तीनच बोर्ड केले: विहिरीवर 'पोहू नये', संडासावर 'पुरुष', आणि रस्त्याला वाडीचे नाव. हात आता थरथरत नाही. सोळा महिने आणि बारा दिवस झाले. मास्तर म्हणतात, दारू सोडलीस तसे दिवस मोजणेही सोड. ते अजून जमलेले नाही.

मी ते घर पाहिलेले नाही, तेव्हा विचारतो. बोर्ड दाराच्या वर लागणार की बाजूच्या भिंतीवर? उजेड डावीकडून येतो की उजवीकडून? वाचणारे उभे असतील की सतरंजीवर बसलेले? अक्षराची उंची त्यावर ठरते.

माप फुटात पाठवू नका. घरातली फूटपट्टी सुवार्ताची असणार आणि तिचे पहिले दोन इंच तिने खाल्लेले असणार. भिंतीला दोरा लावा, तेवढा कापा आणि पाकिटात घाला.

मजकूर कळवा. येईल तसा काढतो. पेंटरने मजकुरात हात घालायचा नसतो.

आणखी एक. याचा बोर्डाशी संबंध नाही. जिन्याला पायऱ्या किती? आई कुठे झोपते, खिडकीजवळ की आत?

आपला,
शशिकांत

ता. क. सुवार्ताला माझे काही सांगू नका. किंवा सांगा. तुम्हाला ठीक वाटेल तसे करा.


कात्रप
३ ऑक्टोबर १९८९

प्रिय भाऊजी,

सलाम. सोबत दोरा आहे. बाहेरच्या खोलीत दाराच्या उजव्या हाताची भिंत, या कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत. उजेड डावीकडून येतो, सकाळी दहापर्यंत चांगला असतो. माणसे सतरंजीवर बसतील, पाळकसाहेबांना खुर्ची.

आपला दुसरा मजला. बत्तीस पायऱ्या, मध्ये एक वळण. स्वयंपाकघरातून कुळगावची कौले दिसतात आणि त्यांच्यामागे डोंगर. आई बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ झोपतात. जिन्यावर पाय वाजला की विचारतात, "कोण गं?" मी म्हणते, "वरचे असतील." त्या म्हणतात, "वरचे असे चढत नाहीत." मग पाऊल वर निघून जाते.

सुवार्ताला सांगितले. ती म्हणाली, "काकाला लिही, त्या दुकानातल्या आंटीने मला पापड दिला होता." मला वाटले होते तिला काही आठवत नसेल. तिला पापड आठवतो, आणि जीन्सच्या गठ्ठ्यांवर झोप लागली होती ते आठवते. बाकीचे मी विचारले नाही.

पाळकसाहेबांना द्यायला यांनी चिठ्ठी लिहिली आहे, तीच उतरवून देते. नावे एका ओळीत घ्या.

'ओहोळ कुटुंब. श्रीमती सुंदराबाई, दिनानाथ, सौ. कुमुदिनी, कु. सुवार्ता. प्रभूने विसाव्याचे वर्ष दिले म्हणून उपकारस्तुती. कात्रप, २६ नोव्हेंबर १९८९.'

पोस्ट निघायची वेळ झाली. थांबते. बोर्ड छान होऊ दे.

तुमची,
कुमुदिनी


वाडी
१४ ऑक्टोबर १९८९

सौ. वहिनींस सलाम.

दोरा मिळाला. निळा, शिवणाच्या रिळाचा. माझ्या खोलीत दोन खिळे मारून तो ताणून बांधला. तुमची भिंत इथे एवढी येते. रात्री तिच्याकडे तोंड करून झोपतो.

मजकूर वाचला. चार नावे आहेत. पेंटर नावे मोजतोच, ओळ बसवायला मोजावी लागतात. मी तीनदा मोजली. त्या घरात चार माणसे राहतात, तेव्हा चार बरोबर आहेत. तक्रार नाही.

पण तुमच्या पहिल्या पत्रात काय काय मिळाले ते तुम्ही लिहिले होते. कंपनी, आईचा डोळा, ताप नाही, ओल नाही. एक उपकार लिहायचा राहिला, वहिनी. मी घरी नव्हतो.

हे टोमणा म्हणून लिहीत नाही. कंपनी उघडली त्यात माझा काही संबंध नाही, पण तुम्ही दुपारी झोपता त्यात आहे. मी असताना कोण कधी निरोप घेऊन दारात येईल, याचा भरवसा नव्हता.

त्या मे महिन्यातल्या दिवशी सुवार्ताला मी कॅम्प तीनला बरोबर नेले. जीन्सच्या दुकानाचा बोर्ड करत होतो. तिला शिडीखाली बसवले आणि म्हणालो, "हलायचं नाही हं." मग गुत्त्यावर गेलो. तिथून सरळ घरी अंबरनाथला आलो आणि जेवायला बसलो. दादाने विचारले, "सुवार्ता कुठंय?" तेव्हा माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता.

संध्याकाळी आपण तिघे तिथे पोचलो तेव्हा ती दुकानदारीण काय म्हणाली, ते तुम्हीही ऐकले आहे. "दो घंटे तो उठी ही नहीं, बोलती है काका ने बोला है." ती खरोखर हललेली नव्हती.

दादाने मला इथे पाठवले ते बरोबर केले. मला घरी यायचे आहे. ही दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि मला ती एकापुढे एक नीट लावता येत नाहीत.

मजकूर आहे तसाच काढतो.

शशिकांत


कात्रप
४ नोव्हेंबर १९८९

प्रिय भाऊजी,

तुमचे पत्र दोन आठवडे डाळीच्या डब्याखाली होते. रोज डाळ काढताना वाचत होते.

तुमचे नाव त्यात नाही हे मला पाकीट पेटीत पडल्यावर कळले. पोस्टाच्या पेटीत हात जात नाही. मी घालून पाहिला. मनगट खरचटले. मग स्वतःला सांगितले की चुकून राहिले. चुकून नाही. यांनी ते लिहिले नव्हते, आणि मी चिठ्ठी उतरवली तेव्हा मला काही कमी वाटले नाही. एका वर्षात माझ्या डोळ्यांना चार नावांची सवय झाली. मला त्याचेच जास्त वाईट वाटते.

तुम्ही लिहिले ते खरे आहे. तुम्ही इथे नाही म्हणून मी झोपते. हे नाकारले तर बोर्ड खोटा होईल. पण झोपून उठते तेव्हा घर फार नीट असते. ठेवलेले भांडे ठेवल्या जागी असते. बोलता बोलता ओल्या बोटाने ओट्यावर अक्षरे काढणारे कोणी नाही. मी पुसायला फडके घेते आणि ओटा कोरडाच असतो.

जेवणाआधी आई प्रार्थना करतात. सगळ्यांची नावे घेतात, तुमचेही घेतात. तुमचे नाव घेतले की थांबतात, यांच्या आमेनसाठी. हे म्हणत नाहीत. आई थोडा वेळ वाट पाहतात, मग पुढे जातात. भात निवतो. रोज असेच.

परवा मी यांना विचारले, "भाऊजींना नाताळला बोलवायचं का?" हे म्हणाले, "आत्ता कुठे घर शांत झालंय. ते घालवायचंय का तुला?" मी काही बोलले नाही. त्यांची भीती वाटली म्हणून नाही, भाऊजी. मलाही क्षणभर तेच वाटले म्हणून.

तरीही सांगते. बोर्डावर तुमचे नाव घाला. मी सांगते म्हणून घाला. यांचे मी पाहून घेईन.

तुमची,
कुमुदिनी


वाडी
१६ नोव्हेंबर १९८९

सौ. वहिनींस सलाम.

बोर्ड आज एस.टी.च्या पार्सलने सोडला. नगरहून कल्याणच्या गाडीने येईल. शनिवारी डेपोतून सोडवून घ्या, पावती सोबत आहे. गोणपाटात शिवला आहे. शिवण बोटांनी उसवा, सुरी लावू नका, रंगाला लागेल.

नाव घातले नाही. मजकूर दादाचा आहे. त्याने जे लिहिले नाही ते मी माझ्या हाताने लिहिले तर ती चोरी होईल.

पत्रा मात्र दोऱ्याएवढा घेतला आणि मजकूर चार नावांचा आहे. त्यामुळे जागा उरते. अशी जागा ओळीत सारखी वाटून टाकता येते. अक्षरे थोडी ऐसपैस केली की कोणाला कळतही नाही. मी वाटली नाही. तुमच्या नावानंतर आणि सुवार्ताच्या आधी ती एका ठिकाणी राहू दिली आहे. तेवढे केल्याशिवाय मला राहवले नाही.

बरे दिसत नसेल तर तिथे वेलबुट्टी काढता येईल. कॅम्प तीनचा कोणीही पेंटर पाच मिनिटांत काढून देईल. मला वाईट वाटणार नाही, असे लिहिणार होतो.

दोरा परत पाठवत नाही.

शशिकांत


कात्रप
२८ नोव्हेंबर १९८९

प्रिय भाऊजी,

सलाम. उपकारस्तुती झाली. सगळे क्रमाने लिहिते.

बोर्ड मी आणि सुवार्ताने एकेक टोक धरून आणला. स्टेशनबाहेर रिक्षावाला म्हणाला, "काय ताई, दुकान खोलताय काय?" सुवार्ता म्हणाली, "हो, उपकाराचं."

शिवण बोटांनी उसवली. बोर्ड भिंतीला टेकून ठेवला आणि यांची वाट पाहत बसले. हे कामावरून आले, पायांत बूट तसेच, आणि बोर्डासमोर उभे राहिले. मी म्हटले होते कॅम्प तीनमधून करून घेते. यांनी विचारलेसुद्धा नाही. खाली वाकून स्वतःच्या नावावर बोट ठेवले. "हे अक्षर मी बसवलंय त्याच्या हातात," म्हणाले. "पाटीवर. सहा वर्षांचा होता." मग बोट पुढे नेले, माझ्या नावावरून, आणि मोकळ्या जागेवर थांबवले.

"हे काय?"

"जागा उरली, म्हणतात."

"शशीच्या बोर्डावर जागा उरत नाही," म्हणाले. मग बूट काढले.

दुसऱ्या दिवशी हातोडी घेऊन त्यांनीच बोर्ड लावला. मी वेलबुट्टीचे सांगितले नाही, त्यांनीही काही सुचवले नाही. आठवडाभर त्याच्या शेजारून येत-जात होते. वर पाहत नव्हते.

रविवारी माणसे आली. भजने झाली, वाचन झाले. घरधनी म्हणून हे देवाच्या उपकारांची साक्ष द्यायला उभे राहिले. कागदावर मुद्दे लिहून आणले होते. कंपनीचे वाचले. आईंच्या डोळ्याचे वाचले. सुवार्ताच्या प्रकृतीचे वाचले. चौथ्याला सुरुवात केली, "आणि या वर्षी आमच्या घरात..." आणि थांबले. समोरच बोर्ड होता. कागद दोनदा उलटा-सुलटा केला, मग घडी घालून खिशात ठेवला आणि बसले. लोकांना वाटले कंठ दाटला. पाळकसाहेबांनी लगेच प्रार्थना सुरू केली.

नंतर आईंनी प्रार्थना केली. नावे घेतली. तुमचे घेतले आणि थांबल्या, नेहमीसारख्या. पंचवीस माणसे होती, सगळे डोळे मिटून. कोणीतरी आमेन म्हणाले. मला यांचा आवाज वाटला. छातीठोकपणे सांगणार नाही. आईंना मी विचारले नाही. फक्त त्या दिवशी त्यांनी दोनदा भात घेतला.

जेवताना मंडळीतले बुधाजीकाका बोर्डाकडे बघून मोठ्याने म्हणाले, "काय रे दिनानाथ, तुझा पेंटर मधेच जेवायला गेला काय?" सगळे हसले. मी आत होते, हातात भाताचे पातेले. हे काहीतरी म्हणाले आणि हसणे थांबले. काय म्हणाले ते ऐकू आले नाही, त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली.

रात्री मी यांना विचारले, काय म्हणालात. म्हणाले, "त्याचा पत्ता दे."

मी दिला. पुढे काय लिहितील, लिहितील की नाही, मला माहीत नाही. तुम्हाला आशा लावायची नाही म्हणून हे शेवटचे वाक्य लिहू की नको, असा विचार करत होते. लिहिले आहे.

तुमची,
कुमुदिनी


कात्रप
९ डिसेंबर १९८९

चि. शशी,

एकोणीस महिने तुला लिहिले नाही. तुझी पत्रे आली की वहिनी आईला वाचून दाखवायची, तेव्हा मी आतल्या खोलीत असायचो. ऐकू येत होते.

बोर्ड मिळाला. काम चांगले आहे. डावा कोपरा अर्धा बोट वर लागला आहे, ती माझी चूक.

साक्षीच्या कागदावर माझा चौथा मुद्दा असा होता: 'या वर्षी आमच्या घरात शांती आहे.' तो वाचता आला नाही. विसावा मिळाला हे खरे, त्याचे उपकार मानले ते मनापासून मानले. पण आई जिन्याकडे कान लावून असते, कुमुदिनी तुझा विषय निघेल म्हणून माझ्याशी बेताने बोलते, आणि मी तुझ्या नावावर तोंड मिटून बसतो. याला शांती म्हणायला निघालो होतो, तेवढ्यात समोर तुझे अक्षर आले.

तो दिवस मी विसरलेलो नाही. विसरणार नाही, आणि तूही विसरू नकोस. सुवार्ताला तुझ्याबरोबर एकटी कुठे पाठवणार नाही. किती दिवस, ते मला सांगता येत नाही. हे इथे येऊन कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे, म्हणून लिहितो. पटत असेल तरच पुढचे वाच.

शनिवारी, तेवीस तारखेला ये. शंकरराव मास्तरांना वेगळे पत्र टाकले आहे. मी आणि सुवार्ता स्टेशनवर असू. घरापाशी आलो की आम्ही दोघे खाली थांबू, तू आधी वर जा. हाक मारू नकोस. नुसता जिना चढ.

बारीक ब्रश तुझा आण. रंग मी आणून ठेवतो.

बुधाजीकाकांनी जागेबद्दल विचारले, तसे आता येणारा प्रत्येक जण विचारतो. मी सगळ्यांना एकच सांगतो. काम अपुरे आहे, पेंटर यायचा आहे.

तुझा,
दादा